चार पायांचा देवमासा आणि भावाला न दिलेला वाटा

लिहून ठेवणारी मी, संग्रहालयाच्या जीवाश्म विभागाची निवृत्त प्रमुख, एका चुनखडीच्या खाणवाल्याची थोरली मुलगी, एका चित्रकाराची विधवा आणि दोन मुलांची आई, आज माझ्या राहत्या घरी, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या इच्छेने हे मृत्युपत्र करते आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. ती ठिकाणावर कधी होती का, याबद्दल माझ्या धाकट्या भावाला शंका आहे. पण त्याने ती लेखी दिलेली नाही, म्हणून ती इथे धरू नये. सर्वांची पूर्ण नावे आणि पत्ते वकीलबाईंनी सोबतच्या पानावर कायद्याला हवे तसे लिहिले आहेत. इथे मात्र मी ज्याला जशी हाक मारते तशीच मारणार आहे.

१. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे मी रद्द करते. त्यातले एक मी रागाच्या भरात केले होते आणि त्यात मुलाला फक्त छत्री ठेवली होती. ते कोणाला सापडलेच तर हसून फाडून टाकावे. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून मी दोघींना नेमते: वकीलबाई, आणि आमच्या विभागाची सध्याची प्रमुख, जी एके काळी माझी विद्यार्थिनी होती आणि जिने वर्गात पहिल्याच दिवशी माझी चूक काढली होती.

२. राहते घर, म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची मोरी आणि वरची खोली, मुलगी आणि मुलगा यांना समसमान मिळावे. विकायचे असेल तर दोघांच्या संमतीने विकावे. भांडायचे असेल तर समोरासमोर भांडावे, फोनवर नको. फोनवर तुम्ही दोघेही वडिलांसारखे गप्प होता आणि मग महिनोन्महिने कोंडी फुटत नाही. मोरीतल्या फरशीवरचे पांढरे डाग पुसायचा प्रयत्न करू नये. तिथे मी दगडातली हाडे आम्लात मोकळी करत असे. ते डाग फरशीच्या आत गेले आहेत. घर घेणाऱ्याला खरे काय ते सांगावे.

३. माझी हत्यारे. दोन हातोड्या, छिन्न्या, भिंग आणि ब्रश विभागाला द्यावेत. दगडातले हाड साफ करायच्या बारीक टोचण्या मात्र मुलीला परत जाव्यात. ती दातांची डॉक्टर आहे आणि त्या सगळ्या तिच्याच दवाखान्यातून आल्या आहेत. "आई, माझ्या पेशंटपेक्षा तुझे पेशंट बरे, ओरडत तरी नाहीत," असे ती म्हणायची. मुली, तुझ्या पेशंटांना निदान दुखते कुठे ते सांगता येते, एवढे लक्षात ठेव.

त्याबरोबर तिला खिडकीतल्या डबीतला दातही मिळावा. तो माशाचा आहे, काळा, अंगठ्याच्या नखाएवढा. मी शाळेत असताना वडिलांनी तो खाणीतून आणून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हा बघ, डोंगरात मासा." समुद्र आमच्या गावापासून इतका लांब होता की गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलाच नव्हता. मी विचारले, "मासा डोंगरावर कसा चढला?" वडील म्हणाले, "ते तू शोध. मला चुना भाजायचाय." माझे सगळे शिक्षण त्या एका वाक्यावर झाले, आणि त्याचा खर्च वडिलांनी शेवटपर्यंत कुरकुर न करता केला. खाण भावाला आणि शिक्षण मला, अशी त्यांनी वाटणी केली होती. दोघांनाही आपलाच वाटा मोठा वाटत आला आहे. अशी वाटणी विरळाच होते.

४. माझ्या पतीची चित्रे. ती सर्व, एकही न वगळता, विभागाला मिळावीत आणि एकत्र राहावीत. ते संग्रहालयात हाडांची चित्रे काढत. त्यांचा एक नियम होता: जेवढे हाड आहे तेवढेच काढायचे. जिथे हाड सापडलेले नाही तिथे कागद कोरा. कोणी म्हणाले, "पण तिथे काहीतरी असणारच ना?" तर ते म्हणत, "असणारच. तुम्ही आणा, मी काढतो."

पुढच्या कलमात ज्या भांडणाची हकीकत येते, ते या कोऱ्या जागेवरूनच झाले.

५. संग्रहालयाच्या संचालकसाहेबांबद्दल. (मुले म्हणतील, आई, आता जाऊ दे. जाऊ देणार नाही. मृत्युपत्र माझे आहे.)

वडील हयात असताना खाणीच्या खालच्या अंगाला एक कवटी मिळाली. लांब थोबाड, तीक्ष्ण दात, आणि कानाचे हाड जाड, कवडीसारखे फुगीर. असे कानाचे हाड पाण्याखाली ऐकणाऱ्या देवमाशांचे असते. पण नाकपुड्या देवमाशासारख्या डोक्यावर नव्हत्या. थोबाडाच्या टोकापासून थोड्या मागे सरकलेल्या, जणू वर निघाल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या. देवमासा नावाला मासा. तो हवा घेतो, पिलाला दूध पाजतो. त्याचे पूर्वज केव्हातरी जमिनीवर चालत असले पाहिजेत, असे आम्ही लोक आधीपासून म्हणत होतो. ही कवटी साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या गाळातली. तेव्हा प्रश्न एकच होता: या प्राण्याला पाय होते का, आणि असले तर कसे?

पाय मिळाले नाहीत. कवटी, मानेचे मणके आणि काही बरगड्या, एवढेच.

संचालकसाहेब तेव्हा तरुण होते आणि त्यांना घाई होती. खाणीच्या बाहेरच्या ढिगाऱ्यातून एक मांडीचे हाड आले होते. ते कोणत्या थरातले, कोणी कधी उचलले, काही पत्ता नव्हता. त्यांनी ते प्लॅस्टरने सांगाड्याला जोडले आणि वर्तमानपत्रवाल्यांना बोलावले. दालनाच्या भिंतीवर पितळी कड्यांची एक लांबलचक साखळी लावली: एका टोकाला जमिनीवरचा प्राणी, दुसऱ्या टोकाला देवमासा, मध्ये एक कडी नाही, आणि त्या रिकाम्या जागी आमची कवटी. वर मोठ्या अक्षरात: "हरवलेला दुवा सापडला."

माझ्या पतींना पायासकट पूर्ण प्राण्याचे चित्र मागितले. त्यांनी पायाच्या जागी कागद कोरा ठेवला. साहेबांनी दुसरा चित्रकार आणला. मग निवेदनावर माझी सही मागितली.

मी म्हटले, "हे हाड या प्राण्याचं आहे हे मला माहीत नाही."

"नाही हेही माहीत नाही ना?"

"नाही."

"मग अडचण काय आहे?"

"हीच," मी म्हटले.

सही केली नाही. आठवडाभरात माझी बदली तळघरातल्या गोदामात झाली. तिथे मला शिंपले मोजायला बसवले. मुलगा तेव्हा पाळण्यात होता आणि पतींचे कामही हळूहळू बंद करण्यात आले, म्हणून हे सोपे गेले असे कोणी समजू नये.

पुढे एक पाहुण्या अभ्यासक आल्या. काचेपुढे उभ्या राहिल्या, मांडीच्या हाडाकडे पाहिले आणि साहेबांना सौम्यपणे म्हणाल्या, "ही मगर फार सुंदर आहे." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला: "हरवलेला दुवा पुन्हा हरवला." गावोगावच्या पारांवर, चहाच्या टेबलांवर लोक हसले. ज्यांना उत्क्रांती मुळातच मान्य नव्हती त्यांना तर आयते कोलीत मिळाले. एका मगरीच्या मांडीपायी जगातली सगळी खरी हाडेही खोटी ठरली. साहेबांवरचा माझा राग बदलीचा नाही. राग याचा आहे.

म्हणून: भिंतीवरची ती पितळी साखळी, जी अजून तिथेच आहे, खाली काढल्यावर नीट पुसून साहेबांच्या घरी पोचती करावी. वाहतुकीचा खर्च माझ्या शिलकीतून करावा. सोबत चिठ्ठी नको. त्यांना कळेल.

६. माझ्या भावाबद्दल. हे कलम लांब आहे. वकीलबाईंनी ते छोटे करायला सांगितले होते; मी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

माझा भाऊ भाविक आहे. निर्मात्याने प्रत्येक प्राणी जसा आहे तसाच घडवला, यावर त्याचा ठाम विश्वास आहे. खाणीचे काम आटोपले की तो प्रार्थनेच्या सभागृहात प्रवचन देत असे. बोलणे असे की बाहेर उभे असलेले आत येत. आणि त्याचा आवडता विषय मी. नाव घेत नसे. "काही शिकलेल्या बायका म्हणतात" अशी सुरुवात असे. सगळ्यांना कळत असे.

जेवायला एकत्र बसलो की सुरू व्हायचे.

"ताई, एक दुवा दाखव. एकच."

मी पक्ष्यासारखी पिसे आणि सरड्यासारखे दात असलेल्या प्राण्याचे सांगायची. पंखाच्या हाडात मनगट असलेल्या माशाचे सांगायची.

"बरं. मग हा आणि त्याच्या अलीकडचा, यांच्या मधला कुठाय?"

"अरे, दोन बोटांच्या मध्ये तिसरं बोट ठेवलं की फट एकाची दोन होणारच! म्हणजे मी जितकं शोधेन तितकी कर्जबाजारी?"

"ते तुझं तू बघ," तो म्हणायचा, आणि माझ्या ताटात वाढायचा. आमची भांडणे अशी असत. मगरीचा मथळा आला त्या आठवड्यात मात्र त्याने सभागृहात तो वाचून दाखवला. लोक पोट धरून हसले. मला ते कळले तेव्हा मी त्याच्याशी बोलणे टाकले. तो दोनदा दारापर्यंत येऊन गेला. मी आतून कडी काढली नाही. त्या प्राण्याचे पाय मी दगडातच शोधीन, आणि सापडेपर्यंत या माणसाशी वाद घालणार नाही, असे मी ठरवले.

खाण त्याची. थर तोच. त्यामुळे दर सुट्टीला मी हातोडी घेऊन जायची आणि आम्ही एकमेकांकडे न बघता काम करायचो. तो मुकादमाला सांगायचा, "त्या बाईंना सावलीत पाणी ठेवा." मी मुकादमाला सांगायची, "मालकांना म्हणावं, आभारी आहे." मुकादमाच्या डोक्याला आमचा फार ताप झाला. अशी बरीच वर्षे गेली. केस पांढरे झाले. खाण मागे मागे सरकत गेली आणि मीही.

मग एका सकाळी संग्रहालयात त्याचा फोन आला. मध्ये मुकादम नाही. "ताई, ये. यंत्राने कड कापली, त्यात ते तुझं कवडीसारखं दिसतंय."

मी पोचले तेव्हा दगड फोडायचे यंत्र धडधडत होते. मोठ्या बांधकामाला माल देण्याचा करार त्याने नुकताच केला होता आणि तो भाग त्याच आठवड्यात उडवायचा होता. कापलेल्या कडेत कानाचे हाड अर्धे बाहेर आले होते. त्याच्या मागे, दगडात आत, मणक्यांची रांग चालली होती. ही रांग मोकळी करायची तर अख्खा हंगाम त्या बाजूचे काम बंद ठेवावे लागले असते.

मी काही मागितले नाही. तोच बोलला.

"देवमासाच आहे?"

"कानावरून तरी हो."

"पायवाला?"

"तेच बघायचंय."

"आणि नसले पाय तर?"

"तर नाहीत असं लिहीन."

"लिहिशील? इतक्या वर्षांनी?"

"नसले तर नाहीत, दादू. त्याला मी काय करणार?"

मी त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारली हे मला नंतर कळले.  तो चालत गेला आणि स्वतःच्या हाताने यंत्र बंद केले. इतकी वर्षे ऐकलेला तो आवाज थांबला तेव्हा खाणीत पाखरे आहेत हे मला पहिल्यांदा ऐकू आले.

करार गेला. मजूर दुसऱ्या अंगाला लावावे लागले, काही सोडून गेले. भावजयीने मला सुनावले ते योग्यच होते. त्याने मात्र त्यावर अवाक्षर काढले नाही. रोज सकाळी यायचा, खुर्ची टाकून बसायचा आणि मी काय करते ते बघायचा. हात लावायचा नाही. "मी हात लावला तर उद्या म्हणतील भावाने घातलं," म्हणायचा. त्याला पुढचे माझ्यापेक्षा आधी दिसत होते.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा, कमरेच्या हाडाखाली, कानाच्या त्या हाडाच्याच थरात, मागचा पाय मिळाला. मांडी, नडगी आणि घोटा. घोट्याचे हाड अजून निम्मे दगडातच होते. मी ब्रश फिरवला. वरच्या टोकाला कप्पीसारखी खाच होती. खालच्या टोकाची माती काढली. तिथेही कप्पीसारखी खाच.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. घोट्याच्या हाडाला दोन्ही टोकांना अशी कप्पी फक्त एकाच घराण्यात असते: शेळी, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा. म्हणजे ज्याचा कान देवमाशाचा होता त्याचा घोटा शेळीच्या घराण्यातला होता. एकाच दगडात, एकाच अंगावर.

मी मागे वळून भावाकडे पाहिले. तो उठून जवळ आला, वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. "हे शेळीचं दिसतंय," तो म्हणाला. आमच्याकडे लहानपणी शेळ्या होत्या. शेळीच्या घोट्याचे असेच हाड तो खेळायला वापरत असे.

"हो," मी म्हटले.

"आणि तो कान त्याचाच?"

"बघ ना तूच. मध्ये कुठे तुटलंय?"

मणक्यांवरून त्याने बोट फिरवले, दगडाला न टेकवता, कानापासून घोट्यापर्यंत. कुठेही तुटलेले नव्हते. तो म्हणाला, "मला हे आवडलेलं नाही, ताई." आणि आमच्या दोघांसाठी चहा मागवला.

७. चौकशीबद्दल, कारण त्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

मी शोध प्रसिद्ध केला तेव्हा संचालकसाहेब निवृत्तीला आले होते. त्यांनी तक्रार केली की घोट्याचे हाड शेळीचे असून मी ते बाहेरून आणून बसवले आहे. मी हसले होते. ते शेळीसारखे दिसते, हाच तर सगळा मुद्दा होता! पण समिती नेमली गेली. सांगाडा कुलपात गेला. माझी लवकर निवृत्तीची कागदपत्रे तयार होऊ लागली. दगडातून काढतानाचे फोटो होते. पण निर्णायक क्षणी मी ब्रश फिरवत होते, फोटो काढत नव्हते. घोटा दगडात असताना पाहणारा माझ्याखेरीज एकच माणूस होता.

साक्ष द्यायला ये, असे मी त्याला म्हटले नाही. ते त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? सभागृहातली माणसे त्याची रोजची माणसे होती. समितीनेच त्याला बोलावले. किंबहुना साहेबांनीच आग्रह धरला, कारण त्याची प्रवचने त्यांना माहीत होती आणि तो माझ्याविरुद्ध बोलेल अशी त्यांची खात्री होती.

लांब टेबल, तीन सदस्य, पाण्याचा जग. भाऊ धुतलेला सदरा घालून आला. टोपी मांडीवर ठेवून बसला.

साहेबांनी विचारले, "आपण उत्क्रांती मानता का?"

"एक अक्षर मानत नाही."

"म्हणजे हे हाड चार पायांच्या देवमाशाचं आहे, हे आपल्याला मान्य नाही."

"ते कोणाचं आहे ते मला कळत नाही. मी खाणवाला आहे."

"मग ते बाहेरून आणलेलं असू शकतं."

"नाही. ते दगडात होतं."

"आपण बहिणीसाठी सांगताय."

भावाने टोपी टेबलावर ठेवली. "साहेब, बहिणीशी माझा जन्माचा वाद आहे. ते हाड नसतं तर वाद मी जिंकलो असतो. यंत्र चालू ठेवलं असतं तरी जिंकलो असतो, करारही गेला नसता. दगड न फुटलेला होता. आमच्या दगडाचा सांधा मी डोळे मिटून ओळखतो. तिथे काही भरलेलं नव्हतं. हाड त्याच दगडात होतं, कानापासून सरळ. मी देवाला मानतो, म्हणून सांगतो. जे होतं ते नव्हतं असं मला म्हणता येणार नाही."

समितीतल्या एका वयस्क सदस्याने हळूच पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

सांगाडा कुलपातून बाहेर आला. मी पुढे विभागाची प्रमुख झाले आणि आणखी बरीच वर्षे नोकरी केली. सभागृहात मात्र भावाला पुन्हा प्रवचन द्यायला कोणी बोलावले नाही. तो अजूनही जातो, मागच्या बाकावर बसतो. एकदा मी त्याला म्हटले, "माझ्यामुळे झालं." तो म्हणाला, "तुझ्यामुळे कशाला? मी बोललो ते मी बोललो. आणि उगाच चढून बसू नकोस, मी अजून एक अक्षर मानत नाही." मधला दुवा कुठे, हे मात्र त्याने मला त्यानंतर विचारलेले नाही.

८. सबब, माझ्या भावाला मी काहीही ठेवत नाही. घर नाही, शिल्लक नाही, चमचाही नाही. हे विसरून झालेले नाही आणि रागानेही नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने, किंवा त्याच्या बायकोने, त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये असे वकीलबाई सांगतात. मला वाटा घेणारे पुष्कळ आहेत. साक्षीदार मला हाच हवा. त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं. तुझ्या घरात सगळी हाडंच. मी कुठे ठेवणार होतो?"

९. बँकेतली शिल्लक, वरच्या कलमांतले खर्च वजा जाता, विभागाला मिळावी; आणि ती फक्त दालनातल्या त्या भिंतीसाठी खर्च व्हावी. साखळी काढावी आणि तिथे फांद्यांचे झाड रंगवावे, माझ्या पतींची चित्रे वापरून. जिथे हाड मिळालेले नाही तिथे भिंत कोरी ठेवावी, रंगाऱ्याला कितीही मोह झाला तरी.

साखळी का नको, हे माहितीच्या पाटीवर सोप्या भाषेत लिहावे. आमचा प्राणी आजच्या देवमाशाची आजी नव्हे. फार तर आजीची चुलत बहीण. पण एखादीचे नाक कुणाचे आणि चाल कुणाची हे कळायला आजीच सापडली पाहिजे असे नाही. चुलत आजी दारात उभी राहिली तरी घराणे कळते. साखळीत एक कडी नसली की सगळे तुटते. कुटुंबात एक फोटो नसला म्हणून कोणी अनाथ होत नाही. आणि "हरवलेला दुवा" हे शब्द पाटीवर कुठेही नसावेत. जे काचेत ठेवले आहे त्याला हरवलेले म्हणणे हा मराठीवर अन्याय आहे.

१०. मुलासाठी. बाळा, तू त्या हॉटेलवाल्याला चहाला घेऊन आलास, ज्याला कवटी स्वागतकक्षात ठेवायची होती. तुझ्या धंद्याला त्याची मदत झाली असती, हे मला कळते. तू मनाने वाईट नाहीस. पण कवटी माझी नव्हतीच, ती संग्रहालयाची, म्हणजे ज्याला कोणाला यावेसे वाटेल त्याची. वरच्या खोलीत प्लॅस्टरमधली तिची प्रतिकृती आहे. ती मी तुला देते. विकू शकतोस. मात्र घेणाऱ्याला ती प्रतिकृती आहे हे सांगूनच विकायची. एवढीच अट आहे, आणि ती मोडलीस तर मला कळणार नाही. म्हणूनच घातली आहे.

११. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. त्यासाठीचा अर्ज भरला आहे. भावाला हे पसंत नाही. त्याला माझ्यासाठी प्रार्थना करायची असेल तर कोणी अडवू नये. उलट एक खुर्ची द्यावी, त्याचे गुडघे दुखतात.

१२. शेवटचे. वडील गेल्यावर खाणीच्या मागची एक अरुंद पट्टी मी मागून घेतली होती. चुन्याच्या दृष्टीने ती निकामी आहे, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. सांगाड्याचा थर तिथे जमिनीखाली पुढे जातो. ही पट्टी मी विभागाला देते. तिच्यावर माझा पुतळा, चौथरा, बाग, नामफलक यांपैकी काहीही करू नये. ती खणावी. थरांची नोंद ठेवत, सावकाश, आणि काम करणाऱ्यांना सावलीत पाणी ठेवून खणावी.

तिथे काय निघेल ते मला ठाऊक नाही. आम्ही पायांची जी लांबी धरली ती चुकीची ठरेल असेही निघू शकेल. आमचा प्राणी ज्या फांदीवर मी ठेवला ती फांदी त्याची नव्हेच, असेही निघू शकेल. तसे झाले तर माझ्या मुलांनी, नातवंडांनी, विद्यार्थ्यांनी किंवा माझ्याबद्दल आदर असलेल्या कोणीही हरकत घेऊ नये, वेळ मागू नये, शब्द मऊ करायला सांगू नये. माझे काय चुकले ते माझ्या नावासकट छापावे, भिंतीवरची फांदी खरवडून काढावी आणि जिथे जाते तिथे रंगवावी. रंगाचे पैसे मी ठेवले आहेत. दुसऱ्यांदा रंगवण्याचेही.

वरील सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून सही करते आहे. माझी सही होताना खालील दोघे समोर हजर होते, आणि त्यांनी माझ्यादेखत आपल्या सह्या केल्या.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली: शेजारच्या डॉक्टरीणबाई. (यांनी नाडी पाहिली, जरा जलद आहे, पण शुद्ध पूर्ण आहे, असे नमूद केले.)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, खाणमालक. (यांनी मजकूर वाचण्यास नकार दिला. "वाचलं तर वाद होईल. सही मी डोळ्यांनी पाहिली, तेवढी साक्ष देतो," असे म्हणाले व सही केली.)

स्थळ: राहते घर, वरची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी